तराजूत ठेवलेले हृदय



पवित्र गुरुवारच्या मिस्सात निर्गम ग्रंथातील वाचन आपण दरवर्षी ऐकतो. वल्हांडणाच्या रात्री परमेश्वर मिसर देशाच्या सर्व देवांचा न्याय करणार, असा उल्लेख त्यात येतो. वाचन संपते, स्तोत्र सुरू होते आणि हे देव होते तरी कोण, हा प्रश्न तसाच राहून जातो. आज त्याकडे थोडे निवांतपणे पाहू या.

मिसर म्हणजे इजिप्त. तेथे शेकडो देवदेवता होत्या. सूर्यदेव रा दिवसा नावेतून आकाश ओलांडी, रात्री पाताळातून प्रवास करी आणि पहाटे पुन्हा उगवे. हापी हा नाईल नदीच्या पुराचा देव. ओसायरिस हा मृतांचा राजा. त्याला सख्खा भाऊ सेथ याने ठार केले, तेव्हा पत्नी आयसिसने त्याचा देह शोधून काढला. त्यांचा पुत्र होरस. गादीवर बसलेला फारो होरसचे रूप मानला जाई आणि मेल्यावर तो ओसायरिस होई.

या देवांना पशुपक्ष्यांची मुखे का, असे मुले विचारतात. वाळवंटाच्या कडेला, जेथे मृतांना पुरत, तेथे कोल्हे फिरत असत. मृतदेहांचा राखणदार अनुबिस याला कोल्ह्याचे मुख मिळाले, ते बहुधा यातूनच. लेखनाचा देव थोथ याला शराटी पक्ष्याचे मुख असे. देव म्हणजे तो प्राणीच, असे सुजाण मिसरी माणूस समजत नसे. त्या रूपातून देवाचे काम ओळखू येई, इतकेच.

या सगळ्यांत आम्हांला सर्वात विचार करायला लावते ती माआत ही देवी. तिच्या मस्तकावर शहामृगाचे एक पीस असते. तिच्या नावातच सत्य, न्याय आणि सुव्यवस्था हे तिन्ही अर्थ आहेत. नाईलला वेळेवर पूर यावा, न्यायाधीशाने लाच खाऊ नये, व्यापाऱ्याच्या तराजूने खरे वजन दाखवावे, हे सर्व माआतच. सृष्टीचा नियम आणि नीतीचा नियम मुळात एकच आहे, हा तत्त्वज्ञानातला मोठा विचार त्या लोकांनी एका पिसात साठवला होता.

मृत्यूनंतर हेच पीस तराजूच्या एका पारड्यात ठेवले जाई. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हुनेफर नावाच्या राजलेखनिकाची, सुमारे इ. स. पू. १२७५ मधील पपायरसची गुंडाळी आहे. तिच्यावर हा प्रसंग रंगवला आहे. दुसऱ्या पारड्यात मृताचे हृदय आहे. अनुबिस काटा पाहतो, थोथ निकाल लिहून घेतो. बाजूला अम्मित टपून बसली आहे. तिचे तोंड मगरीचे, पुढचा भाग सिंहाचा आणि मागचा पाणघोड्याचा. हृदय पिसापेक्षा जड ठरले, तर ती ते खाऊन टाकणार आणि माणूस कायमचा नाहीसा होणार.

हृदयच का? कारण विचार, स्मरण आणि इच्छा यांचे घर हृदय, अशी त्यांची समजूत होती. ममी करताना मेंदू नाकावाटे काढून टाकत. हृदय मात्र देहातच ठेवत. न्यायसभेत मृत मनुष्य बेचाळीस न्यायाधीशांपुढे उभा राहून आपण काय केले नाही ते सांगे. खून केला नाही, चोरी केली नाही, मापात पाप केले नाही, तान्ह्या बाळाच्या तोंडचे दूध हिरावले नाही. दहा आज्ञा जाणणाऱ्या आपल्याला ही यादी अनोळखी वाटत नाही.

आता खरी मेख येते. तोंडाने नाही म्हणता येते, पण हृदय तर सगळे पाहत आलेले. म्हणून शेणकिड्याच्या आकाराचा एक दगड ममीच्या छातीवर ठेवत. हृदयाने आपल्या धन्याविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनवणी त्यावर कोरलेली असे. न्यायसभेच्या मंत्रांच्या गुंडाळ्याही कित्येकदा आधीच लिहून तयार ठेवत आणि नावापुरती जागा कोरी सोडत. गिऱ्हाईक आले की नाव भरायचे. अमुक मनुष्य निर्दोष ठरला, हा निकाल मनुष्य ठरण्याआधीच लिहिलेला!

या लोकांना हसण्याची घाई करू नये. त्यांची भीती खरी होती आणि तिच्यात मोठे सत्य होते : माणसाचा शेवटचा साक्षीदार त्याच्या आतच बसलेला असतो. चूक होती ती त्या साक्षीदाराचे तोंड बंद करण्यात.

आता पुन्हा निर्गम ग्रंथ उघडू या. फारोचे मन कठीण झाले, असे आपण वाचतो. मूळ हिब्रूत तेथे अनेकदा ‘जड’ या अर्थाचा शब्द आहे. यात मिसरच्या तराजूकडे बोट दाखवले आहे, असे काही अभ्यासक मानतात. ज्या राजाने माआत राखायची, तोच गुलामांच्या घामावर बसला होता. त्याच्याच देशाच्या मापाने तोलले, तरी त्याचे हृदय जड भरले असते. नीतिसूत्रांच्या ग्रंथातही अंतःकरणे तोलणारा परमेश्वरच आहे. मात्र त्याच्यापुढे साक्षीदाराला गप्प करावे लागत नाही. त्याला बोलू द्यावे लागते. प्रायश्चित्त संस्कारात आपण हेच करतो. तेथे निकाल आधी लिहून ठेवलेला नसतो, पण क्षमा वाट पाहत असते.

या देवांची पूजा पुढे हळूहळू थांबली. फिले बेटावरील चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख इ. स. ३९४ मधला आहे. सहाव्या शतकात तेथील आयसिसचे मंदिर बंद झाले आणि त्याच्या दालनात संत स्तेफनच्या नावाने चर्च उभे राहिले. शांपोल्यॉं या फ्रेंच विद्वानाने १८२२ मध्ये चित्रलिपी उलगडली, तेव्हा त्याला मोठी मदत झाली ती कॉप्टिक भाषेची. ती प्राचीन मिसरी भाषेचीच लेक. इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांनी ती आपल्या उपासनेत जपली होती. आजही जपली आहे.

कुटुंबात विचार करण्यासाठी :
१. आपल्या हृदयाची कोणती साक्ष आपण दाबून ठेवतो?
२. आपल्या दुकानात, शेतात, कचेरीत तराजू खरा आहे का?