थंडीत अडणारा मिनी ट्रॅक्टर

निफाडच्या थंडीची बातमी दरवर्षी पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांवर आला, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली घसरला, की द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो छापून येतात, मणी तडकण्याची काळजी लिहिली जाते. भल्या पहाटे शेडमध्ये चालू न होणाऱ्या मिनी ट्रॅक्टरबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. बागायतदाराचं खरं अडतं ते तिथेच. पानावर दव आहे तोवर धुरळणी उरकायची असते. ऊन चढलं की वेळ गेली.

आमच्याकडे जुना मिनी ट्रॅक्टर घेणारे पुष्कळ. नवा परवडत नाही आणि मोठा बागेच्या दोन ओळींतून जात नाही. माझाही तीन सिलिंडरचा, वापरलेला, मे महिन्यात घेतलेला. रंग ताजा, टायर बरे, चावी फिरवली की चालू. ऑक्टोबर छाटणीचा सगळा हंगाम त्याने विनातक्रार काढला. डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि इंजिन जड फिरायला लागलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येई, पण इंजिन काही धरत नसे. ऊन अंगावर आल्यावर तोच ट्रॅक्टर मुकाट चालू होई.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं डिझेल थिजलं, कुणी म्हणालं बॅटरी बदला. एका मेस्त्रीने तर थेट डिझेल पंप उतरवायची तयारी केली. पंप उतरवणं, टेस्ट बेंचवर नेणं, परत टायमिंग लावणं हा मोठा खर्च असतो आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर कितीतरी दिवस अडकून पडतो. त्याआधी गावातल्या एका जुन्या वायरमन काकांना बोलावलं. ते आले आणि ट्रॅक्टरला हात न लावता म्हणाले, "भाऊ, धूर येतो का ते सांगा. येत असेल तर कसला?"

थंडीतल्या दुरुस्तीची सुरुवात याच प्रश्नापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. स्टार्टर फिरताना धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. मग टाकीचा कॉक, फिल्टर, फिल्टरखालच्या ग्लासमधलं पाणी, पाइपात धरलेली हवा बघायची. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. पंपाचं मुख्य काम होतंय हे त्या धुरानेच सांगितलेलं असतं. डिझेल थिजल्याची शंकाही तिथेच मिटते, कारण थिजलेलं डिझेल फिल्टरच्या पुढे जाऊन पांढरा धूर काढत नाही. लडाखसारख्या ठिकाणी तो प्रश्न खरा आहे. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांतही वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. आपल्याकडे इतकंच पाळावं, की उन्हाळ्यात भरलेला ड्रम डिसेंबरात वापरू नये. डिझेल कोणत्या तापमानापर्यंत फिल्टरमधून नीट जायला हवं, याची भारतीय मानकातली मर्यादा उन्हाळ्यासाठी 18 अंश आणि हिवाळ्यासाठी 6 अंश अशी वेगवेगळी आहे.

डिझेल पेटत का नाही? या इंजिनाला ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. इंजिन गारठलेलं आणि स्टार्टर हळू फिरत असला, की ती उष्णता सिलिंडरच्या भिंतीच खाऊन टाकतात. म्हणून बऱ्याच छोट्या इंजिनांना ज्वलनकक्षात हीटर प्लग असतात. मे महिन्यात ते मेलेले असले तरी कुणाला कळत नाही.

काकांनी आधी बॅटरीला मीटर लावला. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असावी, 12.4 च्या खाली असेल तर आधी चार्ज करावी. थंडीत बॅटरीचा जोर मुळातच कमी होतो, शून्य अंशाजवळ तर साधारण एक तृतीयांशाने. आमची बॅटरी ठीक निघाली. मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली, स्टॉपचा नॉब ओढून ठेवला आणि मला स्टार्टर मारायला सांगितला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला जवळपास दोन व्होल्ट.

अर्थिंगच्या केबलचा लग चेसिसला बोल्टने आवळलेला होता, पण तो ताज्या रंगावरच बसवला होता. बोल्ट सोडला तर लगखाली निळ्या रंगाचा चकचकीत गोल आणि त्याच्या कडेने हिरवट गंज. विकण्याआधी ट्रॅक्टर रंगवताना अर्थिंगची जागाही रंगवून टाकली होती. ती जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासली, लग साफ केला, ग्रीस लावून आवळलं. स्टार्टरचा आवाज तिथल्या तिथे बदलला.

हीटर तपासायला तर टेस्ट लॅम्पच पुरतो. तिन्ही प्लगना जोडणारी पितळी पट्टी आणि तिची वायर आधी काढावी लागते. पट्टी तशीच ठेवली तर एका चांगल्या प्लगमुळे तिन्ही चांगले वाटतात. लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि टोक प्लगच्या डोक्याला लावायचं. दिवा लागला तर कॉइल जिवंत. आमच्या तीनपैकी एकच लागला. प्लग काढताना घाई करू नका. गंजलेला प्लग थंड इंजिनातून जोर लावून काढला तर हेडमध्ये तुटतो आणि मग हेडच उतरवावं लागतं. रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी इंजिन गरम असताना सोडवा. नवे घेताना त्याच मॉडेलचे घ्या, नुसते आट्यांना बसतात म्हणून दुसरे नकोत.

नवे हीटर बसल्यावर ट्रॅक्टर पहाटे चालू व्हायला लागला, तरी तापमानाचा काटा वर सरकत नव्हता. होज काढली तर थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. उन्हाळ्यात इंजिन गरम होतं म्हणून अनेक ठिकाणी तो काढून टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन तासन्‌तास गार राहतं, डिझेल अर्धवट जळतं आणि ऑइल खराब होतं. गरम होण्याचं कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर किंवा सैल बेल्ट असतं. तेच दुरुस्त करावं.

बॅटरी, अर्थिंग, हीटर, डिझेल हे सगळं नीट असूनही पांढरा धूर येत राहिला, तरच कॉम्प्रेशन मोजून घ्या. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले असतील तर त्याला वरवरचा इलाज नाही.

आता ज्या गोष्टी करू नयेत त्याबद्दल कळकळीने लिहितो. हीटर असलेल्या इंजिनात एअर क्लीनरमधून स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी भडकतो, पिस्टन फुटू शकतो, तोंडावर जाळ येऊ शकतो. पेटता बोळाही तिथे धरू नका, ऑइल चेंबरखाली शेकोटी करू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. आणि सगळ्यात घातक सवय म्हणजे खाली उभं राहून स्क्रूड्रायव्हरने स्टार्टरचे दोन पॉइंट जोडणं. त्याने क्लचचा सेफ्टी स्विच टळतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर चालू होताक्षणी पुढे झेपावतो आणि माणूस मागच्या चाकाखाली जातो. अशी माणसं गेली आहेत. स्विच बिघडला असेल तर स्विच बदला.

जुना ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा शक्यतो सकाळी लवकर जा, आणि मी येईपर्यंत चालू करू नका असं मालकाला आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर कागदपत्रं बघण्याआधी इंजिनच्या ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर व्यवहाराचं बोलू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा या. गार इंजिन तुमच्या समोर चालू झालं, की ऑइलचं झाकण उघडून बघा. तिथून जोरात धूर फेकला जात असेल तर किंमत कितीही कमी असली तरी तो ट्रॅक्टर घेऊ नका. आरसी बुक आणि बँकेचा बोजा त्यानंतर तपासा.