पदवी, नोंदणी आणि पुरावा : परदेशात अभियंता म्हणून उभे राहताना

2018 सालच्या उन्हाळ्यातील एका शुक्रवारी कुवेतहून दूरध्वनी आला. आपल्याच वसतिगृहात दहावीपर्यंत शिकलेला, पूर्णा जंक्शनवरील एका रेल्वे गँगमनचा मुलगा बोलत होता. 2009 साली मराठवाड्यातील एका संलग्न महाविद्यालयातून तो स्थापत्य अभियंता झाला आणि आखातात गेला. नऊ वर्षांच्या अनुभवानंतर त्याने मला विचारले, "सर, माझी डिग्री खोटी आहे का?"

डिग्री खोटी नव्हती. त्या वर्षी कुवेत सरकारने असा नियम केला होता की, अभियंता या हुद्द्यावर निवास परवान्याचे नूतनीकरण करायचे असेल, तर तेथील अभियंता संघटनेचे ना-हरकत पत्र हवे. भारतीय पदवीधराला ते मिळण्यासाठी त्याचा अभ्यासक्रम आपल्याकडील नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन, म्हणजे एनबीए, या मंडळाने मानांकित केलेला असणे आवश्यक धरले गेले. हजारो भारतीय अभियंते अडचणीत आले. भारत सरकारने हा प्रश्न कुवेत सरकारपुढे मांडला. आमच्या विद्यार्थ्याने मात्र वाट न पाहता 'सुपरवायझर' या हुद्द्यावर परवाना करून घेतला. काम तेच राहिले, नाव तेवढे गेले. ज्या घरात पहिल्यांदा 'इंजिनिअर' हा शब्द आला, त्या घराला हे नाव जाणे म्हणजे काय, ते या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी इतिहासाचा शिक्षक. अभियांत्रिकीतले मला काही कळत नाही. परंतु त्या दिवसापासून मी या विषयाची कागदपत्रे वाचत आलो, आणि जे हाती लागले ते पालकांसमोर ठेवावे असे वाटले.

पदवी आणि व्यवसायाची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांकडे कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांच्या पदव्या होत्या, ग्रेज इनचे बॅरिस्टरपद होते. तरीही 1923 साली मुंबई उच्च न्यायालयात उभे राहण्यासाठी सनद घ्यावी लागली, आणि तिच्या पैशांसाठी नवल भथेना या मित्राचे साहाय्य लागले. डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, वास्तुविशारदाला 1972 च्या कायद्याखाली नोंदणी लागते. अभियंत्यासाठी मात्र आपल्या देशात असा सर्वव्यापी कायदाच नाही. महानगरपालिकेत नकाशावर सही करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला परवाना लागतो, असे काही अपवाद आहेत. म्हणून पदवी हाती आली की मुलगा अभियंता झाला, असे आपण समजतो. कॅनडात प्रांताच्या नोंदणीशिवाय अभियंता म्हणवून घेता येत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपला परवाना स्वतंत्रपणे देते. सौदी अरेबियातही तेथील अभियंता परिषदेची नोंदणी लागते.

एका देशाची अभियांत्रिकी पदवी दुसऱ्या देशाने कशी ओळखावी, यासाठी 1989 साली अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांतील संस्थांनी वॉशिंग्टन करार केला. 13 जून 2014 रोजी भारताची एनबीए त्याची कायम सदस्य झाली. वर्तमानपत्रांत बातमी आली की, आता भारतीय पदवी जगभर चालणार. बातमी अर्धी खरी होती. उरलेले अर्धे नीट समजून घेतले पाहिजे.

हे मानांकन महाविद्यालयाला मिळत नाही, शाखेला मिळते. एकाच इमारतीत मेकॅनिकलला मानांकन आहे आणि शेजारच्या सिव्हिलला नाही, असे सर्रास असते. फाटकावरच्या फलकावर मात्र 'एनबीए मानांकित' एवढेच लिहिलेले असते. ते ठरावीक मुदतीचे असते, मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी होते. शिवाय त्याचे दोन स्तर आहेत. स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग टियर-एकमध्ये येतात, विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये टियर-दोनमध्ये. टियर-दोनचे मानांकन देशात मोलाचे आहे, पण वॉशिंग्टन करारात फक्त टियर-एक धरले जाते, आणि तेही सदस्यत्वाच्या दिवसापासून पुढचे. परभणीची मुले बहुसंख्येने ज्या महाविद्यालयांत जातात ती संलग्न आहेत. नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंहजी संस्था किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्वायत्त आहे. पण तेथेही आपल्या शाखेचे नाव आणि मुदत एनबीएच्या यादीत स्वतः पाहावी. आणखी एक गोंधळ नेहमीचा. नॅकचा 'अ' दर्जा हा संपूर्ण महाविद्यालयाचा असतो, त्याचा या कराराशी संबंध नाही. पालकसभेत मी हे सांगितले तेव्हा एका पालकांनी विचारले, "सर, मग हे आम्हाला कॅप राउंडच्या आधी कोण सांगणार?" त्यांचे म्हणणे रास्त होते. पसंतीक्रमाचा फॉर्म अठराव्या वर्षी भरला जातो, आणि त्याचा हिशेब तिसाव्या वर्षी परक्या देशात द्यावा लागतो.

मानांकन नसले म्हणजे दार बंद झाले, असे मुळीच नाही.

'इंटरनॅशनल प्रोफेशनल इंजिनिअर' नावाची एक नोंदवही आहे. अनेक देशांतील संस्था आपापल्या देशात एकाच निकषांवर ती ठेवतात. आपल्याकडे हे काम इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स करते. 1920 साली स्थापन झालेली आणि 1935 साली राजसनद मिळालेली ही संस्था. निकष असे : करारातील पदवी किंवा तिच्या तोडीची शैक्षणिक पात्रता, स्वतंत्रपणे काम करण्यास समर्थ असल्याची तपासणी, पदवीनंतर किमान सात वर्षांचा अनुभव, त्यांपैकी दोन वर्षे महत्त्वाच्या कामाची स्वतःवर जबाबदारी, आणि शिक्षण सतत चालू ठेवल्याचा दाखला. आचारसंहिताही पाळावी लागते. या नोंदणीने परक्या देशाचा परवाना आपोआप हाती येत नाही. तिथली वाट मात्र पुष्कळ सोपी होऊ शकते.

या निकषांत 'जबाबदारी' हा शब्द सर्वांत अवघड आहे. सात वर्षे नोकरी केली हे नियुक्तिपत्राने सिद्ध होते. दोन वर्षे निर्णय माझे होते, हे कशाने सिद्ध करायचे? एखाद्या कालव्याच्या दुरुस्तीवर एखादा कनिष्ठ अभियंता असेल, तर त्याने काढलेले अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, त्याच्या सहीचा तपासणी अहवाल, वरिष्ठांचे पत्र हा पुरावा. इतिहासात आम्ही मुलांना शिकवतो की, ज्याचा कागद उरला नाही त्याचे काम कुणीतरी दुसरा आपल्या नावावर लावतो. कार्यालयीन कागद अर्थातच घरी आणायचे नसतात. पण कोणत्या कामावर, कोणत्या तारखेपासून, किती रकमेच्या, कोणाच्या हाताखाली आणि माझा निर्णय कोणता, एवढी नोंद रोज स्वतःच्या वहीत करायला कोणाची परवानगी लागत नाही.

ऑस्ट्रेलियाची पद्धत या बाबतीत बोलकी आहे. करारातील पदवी नसलेल्या अभियंत्याकडून तेथील 'इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया' ही संस्था क्षमतेचा एक अहवाल मागते. त्यात आपल्या कामातील तीन प्रसंग, प्रत्येकी 1000 ते 2500 शब्दांत, स्वतः इंग्रजीत लिहायचे असतात. बाजारात हे लिहून देणारे पुष्कळ बसले आहेत. त्यांच्या नादी लागू नये, नक्कल सापडली तर अर्ज जातो आणि पुढे काही काळ अर्ज करण्यावर बंदीही येते. लेखनात कर्ता 'मी' असावा लागतो. मी मोजले, मी आराखडा बदलला, मी काँक्रीट नाकारले. आपल्या मुलांचे इथेच अडते. "साहेबांनी सांगितले, आम्ही केले" असे बोलण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती नम्रता आहे असे मी पूर्वी समजत असे.

पदविका घेऊन लहान वयात नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई परीक्षा हा गरिबाच्या मुलाचा जुना राजमार्ग होता. दिवसा साइटवर काम, रात्री अभ्यास. केंद्र सरकारने 31 मे 2013 पर्यंत नावनोंदणी केलेल्यांपुरतीच तिची पदवीशी समकक्षता मान्य ठेवली. ज्यांची नोंदणी त्याआधीची आहे, त्यांनी नोंदणीचा मूळ कागद जिवापाड जपावा. त्यावरील तारीख त्यांची पात्रता ठरवते. त्यानंतरच्यांनी पदविकेवरून थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवी पूर्ण करणे बरे.

आणखी एक, नावाचे. आपल्यातील कितीतरी घरांनी जुनी आडनावे टाकून राजपत्रात नवी जाहीर केली, आणि ते अभिमानाने केले. पण दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आडनाव, पदवीवर दुसरे आणि पारपत्रावर वडिलांच्या नावाचे तिसरेच स्पेलिंग असेल, तर परदेशातील तपासनिसाला ती तीन माणसे वाटतात. राजपत्राची प्रत प्रत्येक अर्जाला जोडावी, आणि पारपत्र काढतानाच स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे ठेवावे.

पूर्णेचा आमचा विद्यार्थी आता ऑस्ट्रेलियाच्या अर्जाची तयारी करतो आहे. मागच्या महिन्यात त्याने पहिला प्रसंग लिहून मला पाठवला. इंग्रजी त्याचे माझ्यापेक्षा चांगले आहे. पहिल्याच पानावर 'वुई' हा शब्द अकरा वेळा आला होता. मी अकराही ठिकाणी लाल शाईने गोल करून पान परत पाठवले आहे.