अंड्यांतील पिलें कां मरतात?

खुडूक कोंबडीखालीं १२ अंडीं ठेविलीं आणि २१ व्या दिवशीं पांचच पिलें निघालीं, म्हणजे घरांत लागलीच दृष्टीची किंवा मेघगर्जनेची गोष्ट निघते. कधीं शेजारणीवर संशय येऊन दोन घरांचें बोलणें बंद होतें. परंतु खरें कारण बहुधा न फुटलेल्या अंड्यांतच सांपडतें. तें कसें शोधावें, हा आजचा धडा आहे.

पुण्यास खडकी येथें सरकारचें मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. यंत्रांत सुमारें ३७.५ अंश सेंटिग्रेड उष्णता राखून अंडीं उबवितात, तरी तेथेंही सर्व अंडीं फुटत नाहींत. गर्भ विशेषेंकरून दोन वेळीं मरतात : पहिल्या ४-५ दिवसांत आणि अखेरच्या ३ दिवसांत. म्हणून मरणाचा दिवस कळला, कीं कारणाचा माग लागतो.

७ व्या रात्रीं प्रत्येक अंडें विजेरीसमोर धरावें. तांबड्या शिरांचें जाळें दिसल्यास गर्भ जिवंत आहे. कांहींच न दिसल्यास अंडें बहुधा फळलेलें नाहीं, कोंबड्याकडे पाहावें. रक्ताचें कडें दिसल्यास गर्भ आरंभींच मेला. अंडें फार जुनें, हिसके बसलेलें किंवा उन्हाळ्यांत तापलेल्या घरांत राहिलेलें असावें. उष्ण हवेंत गर्भ कोंबडीवांचूनच वाढूं लागतो व पुढें दुबळा होऊन मरतो.

२२ व्या दिवसानंतर उरलेलीं अंडीं अंगणांत फोडून पाहावीं. अर्धवट वाढलेला गर्भ असल्यास कोंबडीस हिरवा पाला व सकस दाणा कमी पडला, किंवा अंडीं थंड पडलीं, असें समजावें. चोंचीनें कवच फोडून पिलूं आंतच चिकटून वाळलें असल्यास हवा फार कोरडी होती. पिलूं ओलें व सुजलेलें असल्यास ओल अधिक झाली. पाहून झाल्यावर अंडीं पुरून हात साबणानें धुवावे.

पुढील वेळीं ७ दिवसांहून जुनीं अंडीं ठेवूं नयेत. तीं गार जागीं, रुंद टोक वर करून सांठवावीं. उन्हाळ्यांत घरट्याखालील माती किंचित् ओलसर ठेवावी. दाणापाणी जवळच असावें. १८ व्या दिवसानंतर अंडीं हालवूं नयेत.

कोंबडी पिलांस पंखांखालीं एकवटते, हा दाखला आपल्या प्रभूनें दिला. उपदेशकांनीं हा धडा मंडळीस शिकवितांना इतकें अवश्य सांगावें, कीं शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यापूर्वीं अंडें फोडून पाहावें.