शेकडा वाढ आणि घट : आधी विचारा, "कशाचे टक्के?"



शेकडेवारीचं सूत्र बहुतेक मुलांना पाठ असतं. घोळ होतो तो शाब्दिक उदाहरणात. टक्के कशाचे काढायचे हे न ठरवता मुलं समोर दिसेल त्या संख्येला हात घालतात. म्हणून वहीत सूत्राच्याही आधी एक ओळ लिहायला लावा : "मूळ संख्या = ____". बदल होण्याआधीची जी संख्या, ती मूळ. तिलाच १०० मानायचं.

शेकडा वाढ किंवा घट = (फरक ÷ मूळ संख्या) × १००

उदाहरण १ : पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ७२,३२,५५५ होती, २०११ मध्ये ९४,२९,४०८ झाली. शेकडा वाढ किती?
फरक २१,९६,८५३. मूळ संख्या २००१ ची. उत्तर सुमारे ३०.३७ टक्के. मोठी संख्या म्हणून ९४ लाखांनी भागलं तर २३.३ येतं, ते चूक. आकडे बघून मूल बिचकत असेल तर आधी अंदाज करू द्या : ७२ लाखांवर २२ लाख, म्हणजे साधारण ३० टक्के. आपली वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, ती याच वाढीच्या पट्ट्यात. त्यामुळे मुलांना हे गणित परकं वाटत नाही.

उदाहरण २ : मजुरी ५०० रुपयांवरून ४०० झाली. ती पुन्हा ५०० व्हायला किती टक्के वाढ हवी?
घट १०० ÷ ५०० = २० टक्के. पण वाढताना मूळ संख्या ४०० आहे. १०० ÷ ४०० = २५ टक्के. म्हणजे "२० टक्के कापले, २० टक्के वाढवून दिले" असं कोणी म्हणालं, तर हातात ४८०च पडतात. बांधकामावर जाणाऱ्या पालकांच्या मुलांना ही २० रुपयांची तूट लगेच कळते.

उदाहरण ३ : २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. कराआधीची किंमत तीच राहिली, तर वस्तू किती टक्क्यांनी स्वस्त होईल?
मुलं पटकन "१३" म्हणतात. पण १३ हा दरांमधला फरक. कराआधीची किंमत १०० धरा. ग्राहक आधी ११८ देत होता, आता १०५ देईल. १३ ÷ ११८ × १०० = सुमारे ११ टक्के.

उदाहरण ४ (उलटं) : शाळेचा पट २५ टक्क्यांनी वाढून ५०० झाला. आधी किती होता?
५०० चे २५ टक्के वजा केले तर ३७५ येतात. पडताळा घ्या : ३७५ मध्ये २५ टक्के मिळवले तर ५०० होत नाहीत. बरोबर रीत अशी : १२५ भाग म्हणजे ५००, १ भाग ४, म्हणून १०० भाग ४००.

पालकांनो, घरी एवढंच करा. दुकानात "५०% + २०% सूट" अशी पाटी दिसली की मुलाला १००० रुपयांचा हिशोब करायला सांगा. १००० चे ५००, मग ५०० चे ४००. सूट ६० टक्के झाली, ७० नाही. उत्तर स्वतः सांगून टाकू नका. फक्त विचारा, "दुसरे २० टक्के कशाचे?"