मध्यस्थ सर्व्हरची स्थापना

आलापल्लीच्या डेपोंतून सागाचा ओंडका बाहेर पडतो, तेव्हां त्यावर हातोड्याचा शिक्का असतो व गाडीबरोबर वाहतुकीचा परवाना असतो. नाक्यावर दोहोंचा मेळ बसला, तरच गाडी पुढें जाते. संगणकावर बाहेरची वस्तु आणतांनाहि हीच सावधगिरी हवी.

समजा, शाळेच्या ग्रंथालयाची सूची जावा भाषेंत लिहिलेल्या प्रोग्रामांत आहे. विद्यार्थ्याच्या ब्राउझरची मागणी त्या प्रोग्रामास पोंचविणारा व उत्तर परत आणणारा मध्यस्थ असावा लागतो. त्यास मिडलवेअर म्हणतात. टॉमकॅट हा त्यांपैकीं एक होय. सन कंपनींतील जेम्स डंकन डेव्हिडसन यांनीं त्याचा पाया घातला, आणि १९९९ सालीं तो अपाची संस्थेकडे आला. लिनक्सवर त्याची स्थापना पांच पायऱ्यांनीं करावी.

पहिली पायरी मेळ पाहण्याची. टॉमकॅट ९ यास निदान जावा ८ लागतो, १०.१ यास ११ व टॉमकॅट ११ यास १७. शिवाय दहाव्या आवृत्तीपासून आंतील नांवांचा आरंभ ‘जावाएक्स’ ऐवजीं ‘जकार्ता’ असा झाला. म्हणून नवव्या आवृत्तीसाठीं लिहिलेला प्रोग्राम रूपांतर केल्यावांचून तेथें चालत नाहीं. आधीं प्रोग्राम पाहावा, मग आवृत्ति निवडावी.

दुसरी पायरी शिक्का तपासण्याची. फाइल उतरवून घेतल्यावर तिचा शा-५१२ अंक काढावा. हीं १२८ अक्षरें अपाचीच्या स्वतःच्या स्थळावरील अक्षरांशीं तंतोतंत जुळलीं पाहिजेत. एक अक्षर जरी निराळें निघालें, तरी ती फाइल टाकून द्यावी.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. टॉमकॅटसाठीं लॉगिन करतां न येणारें स्वतंत्र खातें उघडावें, फाइल ‘ऑप्ट’ या डिरेक्टरींत सोडावी व त्या खात्यास जरूर तेवढेच अधिकार द्यावे. रूट खात्यानें तो कधींहि चालवूं नये. कारण प्रोग्रामांतील एखाद्या फटींतून चोर शिरला, तर ज्या खात्यानें प्रोग्राम चालतो त्याचेच अधिकार चोरास मिळतात. रूटच्या हातीं साऱ्या घराच्या किल्ल्या असतात. १०२४ खालील पोर्ट सामान्य खात्यास सहसा उघडतां येत नाहीं. टॉमकॅटचा नेहमींचा पोर्ट ८०८० आहे, तो अशा खात्यास पुरतो.

चौथी पायरी सिस्टिमडीमध्यें सेवेची नोंद करण्याची. येथें ‘स्टार्ट’ व ‘एनेबल’ यांत पुष्कळ विद्यार्थी घोटाळा करितात. पहिल्या आज्ञेनें सेवा आतां सुरू होते; दुसरीनें संगणक चालू होतांच ती आपोआप सुरू होते. जंगलांतील गांवीं पावसाळ्यांत रात्रीं वीज गेली व पहांटे आली, तर दुसरी आज्ञा विसरलेल्या मनुष्यास सकाळीं ग्रंथालय बंद आढळेल.

पांचवी पायरी परीक्षेची. ब्राउझरांत ८०८० पोर्ट उघडून पाहावा, ‘लॉग्ज’मधील नोंदी वाचाव्या आणि नमुन्यादाखल आलेले प्रोग्राम काढून टाकावे. शेवटीं संगणक एकदां मुद्दाम बंद करून पुन्हां सुरू करावा. कोणी हात न लावतां सूची उघडली, तरच स्थापना पुरी झाली असें समजावें.