हातांतील दवंडी



इ. स. २०२३ च्या जुलै महिन्यांत एके दिवशीं सकाळीं महाराष्ट्रांतील असंख्य मोबाईल एकाएकीं कर्कश स्वरानें वाजूं लागले. भारत सरकारच्या दूरसंचार विभागानें पाठविलेला तो केवळ चाचणीचा संदेश होता. खरें सांगावयाचें तर आम्हीं तो धड न वाचतांच पुसून टाकला, आणि मग शिक्षकांच्या खोलींत एकमेकांस विचारीत बसलों कीं, "हें होतें तरी काय?" ती चाचणी नसून खरें संकट असतें तर? या प्रश्नानें आम्ही ओशाळलों, आणि या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्याचें सार पुढें देत आहों.

नेहमींचा संदेश हा पत्रासारखा असतो. प्रत्येक पत्रावर निराळा पत्ता लिहावा लागतो. एकाच वेळीं लाखों पत्रें टाकलीं तर टपाल तुंबतें. संकटकाळीं प्रत्येकजण आप्तांना फोन लावीत असल्यामुळें तर ही अडचण दुणावते. इशाऱ्याची ही नवी पद्धति मात्र शाळेच्या घंटेसारखी आहे. घंटा कोणाचें नांव घेत नाहीं. जेथवर नाद पोहोंचतो तेथवरचे सर्व तो ऐकतात. तद्वत् ज्या टापूवर संकट आहे, त्यांतील मनोऱ्यांवरून एकच संदेश प्रसृत होतो, व मनोऱ्याच्या कक्षेंतील, ही सोय असलेले चालू मोबाईल तो ग्रहण करतात. यास 'सेल ब्रॉडकास्ट' म्हणतात. यासाठीं इंटरनेट लागत नाहीं, कीं सरकारास आपला क्रमांक ठाऊक असावा लागत नाहीं. परगांवाहून आलेल्या प्रवाशासही तो इशारा मिळतो.

याचा उपयोग किती, हें जपानच्या उदाहरणावरून कळेल. भूकंप केव्हां होईल हें आधीं सांगतां येत नाहीं. परंतु तो सुरू होतांच सांगतां येतें. भूकंपाच्या लहरींपैकीं जी पहिली येते ती वेगवान पण सौम्य असते; विध्वंसक लहर तिच्या मागून, मंद गतीनें येते. पहिलीची नोंद होतांच विजेच्या वेगानें इशारा धाडला, तर दूरच्या लोकांना कांहीं सेकंदांचा अवधि मिळतो. जपाननें इ. स. २००७ मध्यें असा इशारा सर्व जनतेस देण्यास आरंभ केला, आणि ११ मार्च २०११ च्या महाभूकंपाच्या वेळीं तो दिला गेला. कांहीं सेकंद म्हणजे काय, असें कोणी म्हणेल. मेजाखालीं शिरावयास, चूल विझवावयास तेवढे पुरे होतात. मात्र इशारा म्हणजे काय व तो ऐकून काय करावयाचें, हें आधींच शिकलेलें असावें लागतें.

या साधनास दोषही आहेत. १३ जानेवारी २०१८ रोजीं अमेरिकेच्या हवाई राज्यांत सकाळीं आठच्या सुमारास क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा मोबाईलवर झळकला. लोक मुलांना कवटाळून आसरा शोधूं लागले. तो इशारा चुकीनें सुटला होता. परंतु मोबाईलवरून दुरुस्ती येण्यास ३८ मिनिटें लागलीं! लांडगा आला रे आला, ही गोष्ट तुम्हांस ठाऊक आहेच. चुकीच्या इशाऱ्यानें विश्वास उडतो, आणि विश्वास उडाला म्हणजे खरा इशाराही व्यर्थ जातो. यास्तव इशारा देणारानें दक्ष असावें, हें जितकें खरें, तितकेंच ऐकणारानें अवधान राखावें, हेंही खरें.

शिवाय बंद पडलेल्या मोबाईलवर इशारा येत नाहीं. मनोऱ्याचा संपर्क नाहीं अशा डोंगरवाडींतही नाहीं. त्याच जुलैच्या १९ तारखेस रात्रीं रायगड जिल्ह्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, व निजलेलीं माणसें गाडलीं गेलीं. अमुक उतार अमुक घटकेस खचेल, हें सांगणें आजही अत्यंत दुष्कर आहे. यंत्र सर्वज्ञ नव्हे, हें आपण विसरूं नये.

तर मग आपण काय करावें? प्रथम, आपल्या व वडिलांच्या मोबाईलवरील आपत्कालीन इशाऱ्यांची सोय बंद केलेली नाहीं ना, हें पाहावें. कर्कश आवाज झाला तर तो थांबविण्याची घाई न करतां मजकूर शेवटपर्यंत वाचावा, व सांगितलें असेल तसें वागावें. त्यांत पदरचें कांहीं घालून तो पुढें धाडूं नये. जो संदेश बँकेचा गुप्त अंक मागतो, तो इशारा नव्हे, ठकाचें जाळें होय.

आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, जिच्याजवळ मोबाईल नाहीं ती आजी, ज्यास ऐकूं येत नाहीं तो शेजारी, ज्यास अक्षरओळख नाहीं तो मजूर, यांच्यापर्यंत तो मजकूर आपण चालत जाऊन पोहोंचवावा. पूर्वीं गांवचा दवंडी पिटणारा वेशीपासून शेवटच्या आळीपर्यंत फिरत असे. आज दवंडी प्रत्येकाच्या हातांत आली आहे; पण शेवटच्या आळीपर्यंत जाण्याचें काम यंत्रानें केलेलें नाहीं. तें अजून आपल्याच पायांचें आहे.