सुटीत पाहावे असे रणगाडा संग्रहालय

उन्हाळ्याची सुटी लागली की आपण मामाच्या गावाला जातो, कैऱ्या पाडतो, दिवसभर हुंदडतो. त्यातलाच एक दिवस काढून पाहावे असे एक ठिकाण आपल्या महाराष्ट्रात आहे. ते म्हणजे अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय. अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. दिघ्याहून आधी कल्याणला जायचे. तिथून मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा करत रस्ता सरळ नगरला जातो.

नगरला सैन्याच्या चिलखती दलाचे शिक्षण केंद्र आहे. रणगाडा कसा चालवायचा आणि त्याची तोफ कशी डागायची हे जवानांना तिथे शिकवतात. त्याच केंद्राने १९९४ साली हे संग्रहालय सुरू केले. तिथे देशोदेशीचे जुने रणगाडे उघड्या मैदानात ओळीने उभे आहेत. रोल्स रॉइसची एक जुनी चिलखती मोटार आहे. तिला पट्टे नाहीत, साधी चाकेच आहेत. चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात तयार झालेला विजयंता आहे. (गावाचे नाव खरेच आवडी आहे!) १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून पकडलेला पॅटनही आहे. त्या युद्धात पंजाबात असल उत्तर गावाजवळ इतके पॅटन पडले, की लोक त्या जागेला पॅटन नगर म्हणू लागले.

रणगाडा प्रथम लढाईत उतरला तो फ्रान्समध्ये, १५ सप्टेंबर १९१६ रोजी. इंग्रजांनी तो गुपचूप तयार केला होता. कोणाला संशय येऊ नये म्हणून ते सांगत, ही पाण्याची टाकी आहे. म्हणून इंग्रजीत त्याला टँक म्हणजे टाकीच म्हणतात. आपला रणगाडा हा शब्द मला जास्त बरा वाटतो. ऐकला की कळते तरी, रणातला गाडा.

रणगाड्याची चाके जमिनीला टेकत नाहीत. ती लोखंडी पट्ट्यावर फिरतात. पट्टा रुंद असल्याने वजन पसरते आणि चिखलात गाडा रुतत नाही. सेंच्युरियन नावाच्या रणगाड्याचे वजन ५० टनांहून जास्त असते. आत माणसे मात्र चारच. एक चालवतो, एक नेम धरतो, एक तोफेत गोळा भरतो आणि चौथा त्यांचा प्रमुख. जागा इतकी कमी की नीट उभे पण राहता येत नाही.

असाच एक सेंच्युरियन नगरच्या केंद्रात जपून ठेवला आहे. त्याचे नाव फामागुस्ता. हे सायप्रस बेटावरच्या एका शहराचे नाव आहे. हा रणगाडा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा. त्यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत ते शिकले. जून १९७१ मध्ये ते पूना हॉर्स या पलटणीत अधिकारी झाले. पुढचे शिक्षण घ्यायला नगरला आले, तोच डिसेंबरात युद्ध सुरू झाले आणि शिक्षण अर्धे सोडून ते आघाडीवर गेले.

१६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीजवळ शत्रूचे पुष्कळ पॅटन चालून आले. खेत्रपालांच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली. बिनतारी यंत्रावरून वरिष्ठांनी सांगितले, बाहेर पडा. पण तोफ अजून चालत होती, म्हणून ते बाहेर पडले नाहीत. पुढच्या गोळ्याने त्यांचा प्राण गेला. वय होते फक्त २१ वर्षे. त्यांना परमवीर चक्र मिळाले. म्हणजे बघा, ज्या गावात ते शिकत होते, त्याच गावी त्यांचा रणगाडा परत आला. ते मात्र आले नाहीत.

पुढे २००१ साली त्यांचे ८१ वर्षांचे वडील आपले जुने गाव पाहायला पाकिस्तानात गेले. तिथे एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने त्यांना घरी पाहुणे म्हणून ठेवले होते. मग त्यानेच सांगितले, की तुमच्या मुलावर गोळा मीच डागला होता. दोघेही सैनिकच होते. वडील त्याच्यावर रागावले नाहीत. मला ही गोष्ट लढाईपेक्षा मोठी वाटते.

इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टन येथे रणगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे. तिथे दर उन्हाळ्यात टँकफेस्ट नावाची जत्रा भरते. जुने रणगाडे धूर काढत मैदानात फिरतात आणि लोक पाहायला गर्दी करतात. १९४३ साली ट्युनिशियात पकडलेला एक जर्मन टायगर त्यांनी दुरुस्त करून चालता केला आहे. म्हातारा झाला म्हणून त्याला क्वचितच बाहेर काढतात.

आपल्या नगरला रणगाडे पळवून नाही दाखवले तरी चालेल. पण १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन असतो. १९७७ पासून तो पाळतात, आणि तो नेमका आपल्या सुटीतच येतो. त्या दिवशी एखाद्या निवृत्त जवानाने रणगाड्यापाशी उभे राहून मुलांना आत बसलेल्या चौघांची गोष्ट सांगावी. नुसत्या पाटीवर वजन आणि तोफेचे माप वाचून ती कळत नाही.

जाणाऱ्यांनी टोपी आणि पाण्याची बाटली जरूर न्यावी. मे महिन्यात उघड्यावरचे लोखंड फार तापते. मग आग लागलेल्या रणगाड्यात काय होत असेल?